विशेष सहकार्य : सौ. सुंदरा

ही गोष्ट दोन हजार अठरा सालच्या जानेवारीतली. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीच्या नाटकात राणी पहिल्यांदाच खरोखरची बाई होती, आणि राजाला मिशी वाढवायला पंधरा दिवस लागले होते.

आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि दुपारी चारला नाटक. नाटक एकच, 'राणी चंद्रकळेचा न्याय'. किसन गुरुजींनी ते लिहिलं. गुरुजी इथल्या मराठी शाळेत शिकवत होते आणि त्यांच्याजवळ दोनशे पानी वही होती. वही भरली तेव्हा नाटक संपलं. ब्याण्णव सालापासून दरवर्षी तेच नाटक होत असल्यामुळे सगळ्या सोसायटीला ते पाठ होतं. पात्र अडखळलं तर पुढचं वाक्य प्रेक्षकांतून यायचं, पुष्कळदा तीन-चार जणांकडून एकदम. तरीही प्रॉम्प्टर हवाच, असं गुरुजींचं म्हणणं होतं आणि ते काम माझ्याकडे होतं. मी सातवी शिकलेली. आमचं घर बौद्धांचं, बाकी शेजार धुळे-जळगावकडचा, आणि त्या वेळी आमच्या गल्लीतल्या माझ्या वयाच्या बायकांत न अडखळता वाचणारी मी एकटीच होते. माझे यजमान श्रीपत उधन्याला रेल्वेत होते. ते म्हणायचे, तू घरात जे करतेस तेच तिथे करतेस, लोकांनी काय बोलायचं ते आधी सांगतेस.

नाटकाची कथा छोटी आहे. राजा एका निरपराध कुंभाराला फाशी सुनावतो. राणी दरबारात येते, भांडते, रडते आणि शेवटी म्हणते, "महाराज, माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगा, हा कुंभार गुन्हेगार आहे?" राजा तिच्या डोळ्यांत बघतो, त्याला काही सांगता येत नाही आणि कुंभार सुटतो. सगळं नाटक त्या एका वाक्यावर उभं आहे.

ही राणी सव्वीस वर्षं धुडकूने केली. धुडकू बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कारागीर. अंगाने उभट, गळा गोड, आणि नाटकासाठी म्हणून त्याने सव्वीस वर्षं मिशी ठेवली नव्हती. हिरवी साडी, दोन ब्लाउज आणि खोट्या केसांचा अंबाडा तो स्वतःच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचा. त्याची बायको त्या पेटीला सवत म्हणायची. खात्यात त्याला सगळे राणीसाहेब म्हणत, शेठसुद्धा.

मला यात नवल वाटायचं नाही. माझे वडील जलशात बाईचं काम करायचे. आई त्यांना स्वतःचं लुगडं नेसवून द्यायची आणि मग पडद्यामागे तोंड पाडून बसायची, कारण त्या लुगड्यात ते तिच्यापेक्षा चांगले दिसायचे. त्या काळी बाई स्वतः स्टेजवर आली तर तिला एकच शब्द होता आणि तो आम्हा पोरींसमोर कोणी उच्चारत नसे. आम्हाला तो शब्द माहीत होता, हे मोठ्यांना माहीत नव्हतं.

आता सुंदरा. ही माझी समोरची शेजारीण, लखनची बायको. वय चोवीस. आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायचो. मार्केटमधून गठ्ठे यायचे, आम्ही चिकटवून परत द्यायचो. टिकली चिकटवता चिकटवता सुंदरा राणीचे संवाद म्हणायची, अगदी हळू. पण त्या आवाजाने माझे हात थांबायचे. एक दिवस मी तिला म्हटलं, तू धुडकूपेक्षा बरी म्हणतेस.

ती म्हणाली, "मावशी, धुडकूकाका चांगलं रडतात. पण ते पुरुषांना वाटतं तसं रडतात. बाई अशी छाती बडवून रडते का? बाई रडता रडता उठून गॅस बंद करते."

मला ते पटलं. मग तिने खरी गोष्ट सांगितली. होळीनंतर तिला गावी जायचं होतं. सासूचे गुडघे गेले होते, नणंद लग्नाची होती, पुढे घर सांभाळायला कोणी नव्हतं, आणि सासरे उखाबापू तिला न्यायला येऊन बसलेच होते. एकदा गावी गेलं की परत सुरत कधी, कोणाला ठाऊक. तिला एकदा, एकदाच, राणी करायची होती. मी त्याच संध्याकाळी गुरुजींकडे गेले.

गुरुजी खूश झाले. लखन हो म्हणाला. कुंभाराचं काम तोच करायचा, त्यामुळे बायकोने आपल्याला फाशीपासून सोडवावं ही कल्पना त्याला आवडली. धुडकू घरी गेला आणि त्याने पेटीला दुसरं कुलूप लावलं. उखाबापूंनी मात्र अट घातली. करायचं तर करू दे, पण पत्रकात तिला काय म्हणणार ते आधी मला दाखवा.

त्यासाठी गुरुजींच्या घरी बैठक बसली. गुरुजींनी पहिला शब्द काढला, नटी. म्हणाले, जुन्या नाटकांत सूत्रधाराची बायको नटी असे, चांगल्या घरची. बापू म्हणाले, आमच्या गावात जी पोर आरशासमोरून हलत नाही तिला नटी म्हणतात. गुरुजींनी नायिका सुचवलं. बापूंच्या मते नायिका तंबूत असते आणि तिकीट काढून बघावी लागते. अभिनेत्री? ती मुंबईला असते, तिच्या घरात नोकर असतात, ही टिकल्या चिकटवते. कलाकार म्हणू या, असं मी म्हटलं. बापूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्या गावात ज्या माणसाने सोसायटीचं खत परस्पर विकून टाकलं होतं, त्याला सगळे कलाकार म्हणत. लखनने हळूच 'हिरोइन' म्हटलं आणि वडिलांनी नुसतं बघताच तो पाणी प्यायला आत गेला.

दोन तास हे चाललं. शेवटी पत्रक असं छापलं: राजा, श्री. मारुती. कुंभार, श्री. लखन. राणीपुढे कोणाचंच नाव नाही. आणि अगदी खाली, मंडपवाला आणि माइकवाल्याच्या नावानंतर, 'विशेष सहकार्य : सौ. सुंदरा'.

सुंदराने पत्रक वाचलं आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. म्हणाली, "माइकवाल्याच्या खाली का होईना, छापलं तर."

शब्दांवर एवढे भांडलो, पण खरी चूक आमच्या कोणाच्याच लक्षात आली नाही. राणी बदलली तर राजाला काय फरक पडतो, असं आम्हाला वाटलं. राजा गेली कित्येक वर्षं मारुती होता, यंदाही मारुतीच. आणि मारुती म्हणजे लखनचा थोरला भाऊ, सुंदराचा जेठ.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुंदराच्या घरात सून जेठासमोर तोंड उघडं ठेवत नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढते, त्याच्याशी थेट बोलत नाही, तो बसला असेल त्या खाटेवर बसत नाही. जेठही तिच्याकडे बघत नाही, आणि काही सांगायचं असेल तर भिंतीला सांगतो. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पदर सांभाळू नको, पुस्तक सांभाळ. त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण ज्यांच्या घरात ही रीत रोज चालते, त्या लखन, सुंदरा आणि मारुतीच्या डोक्यात कशी आली नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

पहिली तालीम झाली. मारुती सिंहासनावर, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवर, बसला. सुंदराने प्रवेश केला, समोर जेठ दिसला आणि तिचा हात आपोआप वर गेला. पदर खाली आला तो थेट हनुवटीपर्यंत. मारुतीने मान वळवून पाण्याच्या टाकीकडे बघायला सुरुवात केली. मी वहीतून वाक्य सांगितलं. मग मारुती माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "शकूमावशी, राणीला म्हणावं, भर दरबारात यायची हिंमत कशी झाली."

पदराच्या आतून आवाज आला, "मावशी, महाराजांना म्हणावं, प्रजेवर अन्याय झाला म्हणून आले."

अशी ती तालीम झाली. राजा टाकीकडे, राणी पदरात, आणि मध्ये मी, दोन्हीकडचे निरोप पोचवणारी. 'माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगा' हे वाक्य आलं तेव्हा साखळीत बांधलेला कुंभार इतका हसला की त्याची साखळी सुटली. गुरुजी वही घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. सुंदरा हसली नाही. ती पदर न उचलताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी टिकल्या चिकटवताना तिने एकही संवाद म्हटला नाही. मी राजा बदलायचा विचार करत होते. पण सोसायटीतला राजाच्या वयाचा प्रत्येक पुरुष तिला सासरच्या गावच्या नात्याने जेठ नाहीतर सासरा. मी मोजत गेले आणि एकच माणूस उरला. तिच्या माहेरचा, पारोळ्याकडचा. माहेरच्या माणसासमोर पदर लागत नाही. तो माणूस होता धुडकू.

आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. तो हिरव्या साडीला इस्त्री करत होता. आम्हाला बघून त्याने इस्त्री थांबवली नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की सुंदरा बाईच आहे, तिने बाईचं काम केलं तर त्यात काम कसलं आलं. काम तर त्याचं होतं. तो दिवसभर लूमवर पुरुष असायचा आणि चार वाजता राणी व्हायचा.

सुंदरा म्हणाली, "काका, मग तुम्हाला राजा जमणार नाही. तुम्ही पुरुषच ना. त्यात काम कसलं."

धुडकूने इस्त्रीवरचा हात काढला. ती साडीवरच राहिली होती हे त्याच्या बायकोला वासावरून कळलं. हिरव्या साडीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. धुडकू त्या भोकाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "माय, मिशीला किती दिवस लागतील?"

पंधरा दिवस लागले. मारुती सेनापती झाला. सेनापती राणी येण्याआधीच लढाईवर निघून जायचा, त्यामुळे तो आनंदात होता. नवा राजा मात्र विचित्र निघाला. सव्वीस वर्षांची सवय. सिंहासनावर बसताना तो आधी निऱ्या सावरायचा, नसलेल्या. रागावला की खांद्यावरून नसलेला पदर पुढे ओढायचा. तलवार उपसताना करंगळी बाहेर. आणि राणी रडायला लागली की राजाही रडायचा, तिच्याहून जोरात, छाती बडवून. गुरुजींनी त्याला सांगितलं की तू फाशी देणारा आहेस. तो म्हणायचा, ते मला माहीत आहे, पण ऐकवत नाही. तरी सुंदरा त्याच्यासमोर उघड्या तोंडाने उभी राहायची आणि ते वाक्य म्हणायची. तालमीत ती म्हणायची तेव्हा टाकीवर पाणी भरणाऱ्या बायका नळ बंद करायला विसरायच्या.

एकच काळजी होती, उखाबापू. त्यांनी तिला आधीच निरोप दिला होता की ते नाटकाला येणार नाहीत, दुपारी घरी झोपणार आहेत. सुंदराला हायसं वाटलं. सासरे म्हणजे जेठापेक्षाही वरचे.

सव्वीस जानेवारीला चार वाजता मंडप भरला. पुढच्या चार ओळी बायकांच्या, मागे पुरुष, स्टेजवरून तोंडं ओळखू येणार नाहीत इतके लांब. गुरुजींना मात्र ऐन वेळी शिष्टाचार सुचला. ते स्वतः बापूंच्या घरी गेले, ज्येष्ठ पाहुणे म्हणून त्यांना झोपेतून उठवून आणलं, शाल-नारळ दिलं आणि सगळ्यात पुढे, मधोमध, स्टेजपासून चार हातांवर बसवलं. मी विंगेतून खूप हातवारे केले. गुरुजींना वाटलं मी त्यांचं कौतुक करते आहे.

सुंदराने प्रवेश केला, लाल साडीत, ताठ मानेने. दोन पावलं चालली. समोर सासरे. हात वर गेला, पदर खाली आला, आणि राणी चंद्रकळा दरबारात उभी राहिली ती नुसती लाल साडी म्हणून.

मी वाक्य सांगितलं. काही नाही. जरा मोठ्याने सांगितलं. प्रेक्षकांनी सांगितलं, सगळ्यांनी एकदम. पदर हलला नाही. राजाला राहवलं नाही. त्याने स्वतःचं वाक्य म्हटलं आणि मग आवाज बारीक करून राणीचंही म्हटलं, मग पुन्हा आपलं. असे तीन संवाद त्याने दोन्ही बाजूंनी केले. मागून कोणीतरी विचारलं, धुडकू, आज डबल ड्यूटी का? सगळा मंडप हसला. मला विंगेतून सुंदराचा हात दिसत होता. पदराची कड तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की टिकल्या निखळून खाली पडत होत्या. आमच्याच चिकटवलेल्या.

आणि मग उखाबापू खाकरले.

घरात शिरण्याआधी ते दारात जसे खाकरतात तसे, दोनदा. म्हणजे सुनेने सावध व्हावं, आणि मग ते मान वळवून आत यायचे, ती मोकळी राहावी म्हणून. बापू उठले. सगळ्यांना वाटलं चालले. लखनचा चेहरा साखळीत पांढरा पडला. बापूंनी खुर्ची उचलली, पूर्ण फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून खाली बसले. काठी दोन पायांत उभी धरली आणि समोर बघायला लागले.

समोर बायकांच्या चार ओळी होत्या. एवढा मोठा माणूस एकदम तोंडासमोर येऊन बसलेला पाहून पहिल्या ओळीने पदर ओढले. मग दुसरीने. मग तिसरीने आणि चौथीने. सरसर आवाज झाला, वाऱ्यात वाळत घातलेल्या साड्यांसारखा. सगळा बायकांचा प्रेक्षकवर्ग पदरात गेला, आणि स्टेजवर राणीने आपला पदर मागे टाकला.

तिने पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. मी वही मिटली. ती छाती बडवून रडली नाही. बोलता बोलता तिने राजाच्या सिंहासनावरचा वाकडा झालेला कपडा सरळ केला, कुंभाराच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि हे सगळं करताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वहीत हे काही नव्हतं. मग ती राजासमोर आली आणि अगदी हळू म्हणाली, "महाराज, माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगा, हा कुंभार गुन्हेगार आहे?"

राजाने बघितलं. धुडकूच्या ओठांवर नवी मिशी थरथरत होती. त्याचा हात नसलेल्या पदराकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा तो छाती न बडवता रडला.

बापूंना यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसत होते ते चार ओळी पदर. आधी सगळे ताठ, मग हळूहळू एकेक पदर आतून डोळ्यांकडे जाणारा.

नाटक संपल्यावर बापू काठी टेकत स्टेजच्या पायरीशी आले. सुंदरा पदर ओढून माझ्यामागे उभी राहिली. बापूंनी मंडपाच्या खांबाकडे तोंड केलं आणि मला म्हणाले, "शकूबाई, तिले सांगा, शेवटलं बोलणं ऐकू उनं नही. पुढला टाइमले जरा जोरमा बोल म्हणा."

पुढच्या टाइमाला, असं ते म्हणाले. मी सुंदराला सांगितलं, जरी ती माझ्या पाठीला चिकटून उभी होती आणि तिने ऐकलंच होतं. जाताना बापूंनी गुरुजींना बाजूला घेतलं आणि विचारलं, त्या दिवशीचा तो लांबलचक शब्द कोणता, मुंबईला असते ती. गुरुजींनी सांगितला. बापू तो तोंडातल्या तोंडात घोळवत घरी गेले.

यानंतर प्रत्येकाचं काय झालं ते सांगते.

सुंदरा ठरल्याप्रमाणे होळीनंतर गावी गेली. पण दर वर्षी जानेवारीत बापू स्वतः तिला सुरतेला घेऊन यायचे, नाटकाच्या आठ दिवस आधी, आणि तेवढे दिवस सासूकडे शेजारीण बघायची. बापू दर वेळी पुढची खुर्ची स्वतःच फिरवून बसायचे. त्यांना नाटक कधीच दिसलं नाही, पण कोणत्या वाक्याला कोणती ओळ रडते हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. चोवीसच्या पावसाळ्यात ते गेले. पुढच्या जानेवारीत गुरुजींनी पुढे मधोमध एक खुर्ची स्टेजकडे पाठ करून रिकामी ठेवली, आणि चार ओळींनी सवयीने पदर ओढले.

लखन अजून कुंभार आहे आणि अजून साखळी सुटते. मारुतीने लूमवरची नोकरी सोडून बमरोलीला स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं. सुंदराशी तो आजही भिंतीतर्फे बोलतो. किसन गुरुजींनी दुसरी दोनशे पानी वही आणली आहे. ती कोरी आहे. दुसरं नाटक लोकांना पाठ व्हायला सव्वीस वर्षं लागतील, म्हणून ते घाबरतात.

धुडकूने मिशी ठेवली ती ठेवलीच. त्याच्या बायकोने इस्त्रीचं भोक पडलेल्या साडीची गोधडी शिवली आणि पेटीत आता गहू असतात.

माझे डोळे अधू झाले. वही आता माझी नात साक्षी धरते. मी पहिल्या ओळीत बसते आणि पदर ओढत नाही.

आणि शब्दाचं सांगायचं राहिलं. खान्देशातल्या लग्नपत्रिकांत निमंत्रकांची लांब यादी असते, प्रत्येकाच्या नावापुढे कंसात हुद्दा. माजी सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक. बापूंच्या धाकट्या मुलीचं लग्न एकोणीस साली झालं. पत्रिका माझ्याकडे आली तेव्हा मी ती दोनदा वाचली आणि मग सुंदराने पत्रक ठेवलं होतं तशीच घडी करून ठेवली. अजून आहे. यादीत, माजी सरपंचांच्या वरती, छापलं आहे: सौ. सुंदरा (अभिनेत्री, सुरत). ती पत्रिका धुडकूने पाहिली आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नात तसंच करायचं ठरवलं. छापखानेवाला नको नको म्हणत होता. पण धुडकू हटला नाही, आणि त्याच्या नावापुढे कंसात आलं: माजी राणी.